काल घरी चुना उडाला

तुम्हा दोघा नातवंडांतली धाकटी तिकडे रुग्णवाहिकेवरचं काम शिकते आहे. फोनवर सांगत होती की सुरुवातीला मलमपट्टी नाहीच, कायदा शिकवतात. रुग्णाला हात लावण्याआधी त्याला विचारायचं, त्याची गोष्ट चारचौघांत बोलायची नाही, त्याला अर्ध्या वाटेत सोडायचं नाही. मग म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?"

होतं, बाळा. सगळं होतं. नसतं तर मी कुणावर रागावले असते?

ऐंशीच्या दशकात मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात नर्स होते. माकुणसारच्या वाडीतून रोज तिथे, बोईसरला, जायचे. गेटजवळच्या माझ्या खोलीत एक खाट, एक नळ आणि औषधांचं कपाट होतं. दाराबाहेर रुग्णांसाठी ठेवलेली मेटाडोर गाडी असायची. अंगावर रसायन उडालं तर लगेच उभं राहायला कारखान्यात एक मोठा शॉवरही होता. पाहुणे आले की मॅनेजर तो दाखवत. पाहुणे गेले की त्याखाली रिकामी पिंपं रचली जात, कारण जागा कमी पडायची.

कारखान्यात ठेकेदाराची माणसं असत. बहुतेक डोंगरातल्या पाड्यांवरची. शेतीचं काम आटोपलं की खाली यायची आणि सालवडला ठेकेदाराच्या खोल्यांत दाटीवाटीने राहायची. त्यांच्यातलं कुणी भाजलं की आधी त्याच्या अंगावरचा कंपनीचा शर्ट उतरवायचा, साधा शर्ट चढवायचा आणि मग दवाखान्यात न्यायचं, अशी तिथली रीतच होती. कारण ठरलेलं असे: काल घरी खोलीला चुना लावताना उडाला. आज म्हटलं तर कामावरचा अपघात होतो, म्हणून नेहमी काल. त्या खोल्यांना बारा महिने चुना लागत होता, आणि तरी एकही भिंत पांढरी नव्हती.

एका सकाळी मी पोहोचले तेव्हा माझ्या खोलीसमोर गर्दी होती. पिंप उघडताना एका तरुण मजुराच्या तोंडावर कॉस्टिक, म्हणजे कातडी जाळणारं सोड्याचं पाणी, उडालं होतं. तो डोळे मिटून विव्हळत होता, आणि दोघं जण त्याच्या शर्टाची बटणं लावत होते. कोरडा, इस्त्रीचा शर्ट. माझा नळ चार पावलांवर होता.

मी काय ओरडले ते इथे लिहीत नाही. त्याला नळाखाली ओढलं आणि विचारलं, "डोळे उघडून धरते. फार दुखेल. धरू?"

"धर, बाय," तो म्हणाला. त्या सकाळी त्याला कुणी काही विचारलं असेल तर तेवढंच.

ठेकेदार आला. "सिस्टर, आप पट्टी बाँधो, बाकी हम देखेंगे."

"पट्टी नाही, पाणी. रस्ताभर पाणी. मी गाडीत बसणार."

मॅनेजरांनी इंग्रजीत समजावलं की माझी जागा या खोलीत आहे. मीही इंग्रजीतच सांगितलं की माझी जागा रुग्णाजवळ आहे, आणि दुसऱ्याच्या हातात सोपवल्याशिवाय मी त्याला सोडणार नाही. आमचा ड्रायव्हर, केळव्याकडचा, पाण्याचे कॅन आत ढकलत म्हणाला, "बाय, बस तू. साहेबांना बोलू दे, त्यांना बोलायचाच पगार हाय." ठेकेदार पुढे त्याच्या शेजारी चढून बसला.

पालघरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत मी त्या डोळ्यांत पाणी ओतत राहिले. वाटेत तो पुटपुटला, "बाय, तू चुनाच सांग. माजा भाव बी तिथंच कामाला हाय."

आता तुमच्या पुस्तकातला प्रश्न बघा. गोष्ट त्याची, आणि ती सांगू नकोस असं तो स्वतः म्हणत होता. पण घरी, काल, चुना म्हटलं असतं तर डॉक्टरांना वाटलं असतं की जे व्हायचं ते कालच झालं. मलम घालून डोळे बांधले असते, आणि आत कॉस्टिक डोळा खात राहिलं असतं.

मी त्याला सांगितलं, "डॉक्टरांना मी खरं सांगणार. ते तुझ्या डोळ्यासाठी, ठेकेदारासमोर नाही. पोलिसांना काय सांगायचं ते तू ठरव. पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

त्याने चाचपडत माझं मनगट धरलं. मग म्हणाला, "दिसंल ना गं?"

"पाणी थांबू देणार नाही," मी म्हटलं. दिसेल असं म्हणायची मला सोय नव्हती.

दवाखान्यात ठेकेदार आमच्याआधी डॉक्टरांपाशी पोहोचला. "काल घरी चुना उडाला, साहेब." डॉक्टरांचा हात खरंच मलमाकडे गेला. मी ठेकेदाराला दंडाला धरून बाहेर काढलं, दार लावलं आणि सांगितलं: कॉस्टिक, आज सकाळी, आणि नळाखाली उशिरा आला. डॉक्टर एकदम बदलले. सलाइनच्या बाटल्या मागवल्या आणि पुन्हा धुवायला सुरुवात केली. नियमाप्रमाणे त्यांनी पोलिसांनाही कळवलं.

हवालदार आला तोवर ठेकेदार खाटेच्या उशाशी उभा होता. मजूर म्हणाला, "चुना. घरी. काल." डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे गेले होते. मी म्हटलं, "हवालदार, मलाही विचारा."

"बाई, जखमी शुद्धीवर हाय. तो सांगतोय ना? मग?" आणि तो निघून गेला.

उजवा डोळा वाचला. डावा पांढरा पडला. पाणी असूनही नळाखाली न्यायच्या आधी जेवढा वेळ शर्टाच्या बटणांत गेला, तेवढा तो डोळा गेला, असं मी आजही मानते.

तो परत कामावर आला तेव्हा ठेकेदाराने त्याला गेटवरूनच हाकललं. "एक आँख का आदमी क्या काम का?" भरपाईचं विचारायला मी मॅनेजरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, घरी चुना उडालेल्याला कारखाना कशाला काही देईल?" त्याने भावाची नोकरी वाचवायला खोटं सांगितलं होतं, आणि तेच खोटं यांनी त्याच्या तोंडावर मारलं.

मी बाहेर आले तेव्हा तो गेटबाहेर भावाची सुट्टी व्हायची वाट पाहत बसला होता. मी काही म्हणायच्या आधीच म्हणाला, "बाय, येक तरी दिसतं."

मी मागे वळले आणि थेट शॉवरपाशी गेले. पिंपं होतीच. मी एकेक पिंप ढकलून पाडलं. रिकाम्या पिंपांचा केवढा आवाज होतो! सगळा कारखाना बघायला आला, मॅनेजरसुद्धा. मग मी सर्वांसमोर शॉवरची साखळी ओढली. पाणी आलं नाही.