कापसाच्या काट्यावरची अंगणवाडी

आता कसं सांगू तुम्हाला, एका सकाळीत मी अख्ख्या गावाची पोरं कुपोषित करून ठेवली. हसू नका! सरकारी शिक्क्यानिशी केली.

बालविकास शिकायला मी सातासमुद्रापार गेले होते. परतले ती थेट वरवट बकालजवळच्या एका गावात. काम काय? अंगणवाड्या वाढवायच्या, पण दर्जा घसरू द्यायचा नाही. गावाबाहेरच्या वस्तीला नवी अंगणवाडी हवी होती. गावातल्या अंगणवाडीच्या मुलांची वजनं नीट भरली, तरच ती मिळणार. तिथल्या सेविका कमलताई तिच्यासाठी दोन वर्षं अर्ज करत होत्या.

आणि नेमका वजनाच्या दिवशी अंगणवाडीचा काटा मोडला.

"मॅडम, पुढच्या हप्त्यात करू," कमलताई म्हणाल्या.

पुढच्या हप्त्यात? त्यासाठी का मी परत आले होते? वेचणीचे दिवस. समोरच कापसाच्या व्यापाऱ्याचा टांगता काटा लोंबकळत होता. गेले, 'सरकारी काम आहे' म्हणाले आणि रुबाबात उचलून आणला!

कमलताई दचकल्या. "हा काटा? मॅडम, हा तं..."

"ताई, सबबी नकोत!"

झोळीत एकेक पोर टांगलं. पहिली पोरगी मागच्या महिन्यापेक्षा दीड किलोनं कमी. दुसरा तेवढाच. तिसरा तर झोळीत बसून केळं खात होता, तरी घटला!

"काय खाऊ घालता हो यांना?"

"खिचडी, मॅडम."

"मग ती जाते कुठं?"

एक आई रडायलाच लागली. "माह्या पोराले काय झालं वो बाई?"

मी तडक अहवाल लिहून धाडला: 'परिस्थिती गंभीर. नवी अंगणवाडी तूर्त नको.' कमलताईंनी दोन वर्षांच्या अर्जांची फाईल मिटवून ठेवली.

तेवढ्यात शेतकरी रहीमचाचा नातीला न्यायला आले. काट्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसू लागले.

"काय झालं, चाचा?"

"मॅडम, ह्या काट्यावर माहा कापूस बी दरसाल कुपोषितच निघते! बीटी लावलं, खत घातलं, तरी बी!"

मी कमलताईंवर उखडले. "मग सांगितलं का नाही?"

"सांगूनच तं राह्यली होती! तुम्ही बोलू देसान तवा ना!"

व्यापारी काटा न्यायला आला. वाटलं, आता तरी शरमेल. कसचं काय! उलट तोच दुखावला. "पोरं तोलाची हायेत हे आंधी सांगा लागत होतं ना, मॅडम! बराबर करून धाडला असता."

शेजारच्या गावातून अंगणवाडीचा काटा मागवला, आणि पोरं तासाभरात पुन्हा गुबगुबीत झाली. अहवाल मी स्वतः तालुक्याला जाऊन, मान खाली घालून मागे घेतला. वस्तीला अंगणवाडी मिळाली.

एक गोष्ट मात्र कमलताईंनाही सांगितलेली नाही. पोरांची वजनं झाल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून मीही त्या हुकाला लोंबकळले होते. सात किलो कमी! त्यावर मात्र मला तसूभरही शंका आली नाही. आईला लगेच फोन करून सांगितलं.

तो अहवाल अजून मागे घेतलेला नाही.