काढणार: सुधाकर

मेश्रामकाकांच्या खिशात नेहमी अर्धं ब्लेड असे, कागदात गुंडाळलेलं. भिलाईच्या कारखान्यात ते ड्राफ्ट्समन, यंत्रांची ड्रॉइंग शाईनं काढणारे. ट्रेसिंग पेपरवर चुकलेली शाई या ब्लेडनं खरवडायची. दर रविवारी ते मनोरुग्णांच्या वॉर्डात धाकट्या भावाला, सुधाकरला, भेटायला येत. सुधाकर चित्रं काढी. कारखान्यातल्या ड्रॉइंगला असते तशी 'काढणार' लिहिलेली नावाची चौकट काका प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात आखत आणि पेन त्याच्यापुढे ठेवत. "लिही. काढणार कोण?"

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी तिथल्या रुग्णांची चित्रं अभ्यासत होते. सुधाकरच्या चित्रातल्या काळ्या उभ्या रेघांना मी ऐटीत 'कोंडलेपण' म्हटलं. काका खो खो हसले. "अवं पोरी, पावर हाउस टेशनच्या पुलाचा कठडा आहे तो! त्याले विचारायले काय झालं होतं तुले? समोरच बसून आहे ना!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यानंतर मी आधी विचारू लागले.

पुढे कॉलेजात ती चित्रं प्रदर्शनात मांडली. माझ्या मार्गदर्शक सरांनी नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायला लावल्या. सुधाकर झाला 'रुग्ण सात'. मी मुकाट्यानं चिकटवल्या, याची अजून लाज वाटते.

काका सुधाकरला घेऊन आले आणि पट्टी पाहून थबकले.

"त्यांच्याच भल्यासाठी आहे हो," सर म्हणाले. "उद्या लोक बोट दाखवतील."

"मंग त्यालेच विचारा न, सर. सुधा, नाव झाकू का ठेवू?"

सुधाकरनं पट्टीवर बोट ठेवलं. "मी काढलं, त नाव बी माहंच पाहिजे."

काकांनी ब्लेड काढलं. "जिंदगीभर चुका खरवडून राहिलो. हे बी चूकच आहे." पट्टी अलगद निघाली. "बाकीच्यायले तू विचारून ये, पोरी. ज्याले नको, त्याचं झाकलेलं राहू दे."

"नावं दिसली तर प्रबंधावर माझी सही नाही," सरांनी मला बजावलं.

सही गेली उडत! दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात जाऊन एकेकाला विचारलं. चौघांनी नाव दिसू दे म्हटलं, दोघांनी नको म्हटलं. त्या चौघांच्या पट्ट्या मी काढल्या. सरांनी सही दिली नाही ती नाहीच.

पुढे काका वारल्यावर सुधाकरनं त्यांचं चित्र काढलं. हातात ती सोडवलेली कागदाची पट्टी, खिशातून डोकावणारं ब्लेड. मी कोपऱ्यात चौकट आखली, पेन पुढे ठेवलं. त्यानं सावकाश पूर्ण नाव लिहिलं आणि चित्र माझ्या हातात दिलं.

"नाव कोणाले झाकू देऊ नको."

नाही देणार. प्रबंध कपाटात पडलाय, सहीविना. पडू दे. त्यातल्या पहिल्याच चित्राखाली लिहिलंय, काढणार: सुधाकर मेश्राम.