शेवटचा भाग न बघणाऱ्या सिंधूकाकू

सिंधूकाकूंनी खुनाच्या एकाही मालिकेचा शेवटचा भाग पाहिला नाही. भिंगारमध्ये त्या आमच्या शेजारी राहत. दर रविवारी दुपारी मालिका लागली की लसूण सोलायला सूप मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसत. शेवटच्या भागाच्या दिवशी मात्र सुरुवातीचं संगीत वाजताच उठून गच्चीवर कपडे काढायला जात. खुनी कोण हे त्यांना तोवर कळलेलं असे. ते केव्हा कळलं, हे बघणाऱ्यालाही कळे: लसूण सोलणारे हात थांबत.

काकू मूळच्या मिरजगावच्या, शेतकरी घरातल्या. यजमान लष्कराच्या एका कचेरीत कारकून होते. ते वारले, मुलगी मनीषा लग्न होऊन संगमनेरला गेली आणि काकू एकट्या उरल्या. आमचा टीव्ही बिघडला म्हणून मी एका रविवारी त्यांच्याकडे बसलो, तो पुढे बसतच राहिलो. मी गुन्ह्यांच्या बातम्या लिहितो म्हणून त्या मला 'पेपरवाले' म्हणत.

त्या दिवशी मालिकेत बंगल्यातला सासरा मरून पडला होता. घरचे धावत येत होते. थोरली सून आली आणि हंबरडा फोडून रडू लागली. काकूंचे हात थांबले.

"ही," त्या म्हणाल्या.

"ती तर सगळ्यांत जास्त रडतेय."

"रडू द्या. समद्यांनी इचारलं, कसं झालं. हिनं इचारलं का? म्हंजी हिला म्हाईत हाय." मग सुपातली टरफलं फुंकून म्हणाल्या, "मानूस काय बोलतो ते लिहिता तुमी, पेपरवाले. काय इचारत न्हाई ते बघत जा."

खुनी सूनच निघाली. हे त्यांना मी गच्चीवर जाऊन सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. शेवट का बघत नाही, असं विचारल्यावर म्हणाल्या, "खुनी घावला की मालिका संपती. त्या घरात दुसऱ्या दिवशी चहा कोन टाकतं, ते दावत न्हाईत. मग काय बघायचं?"

पुढे मनीषा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती विचारी, "तुमच्या वेळी कसं झालं हो?" माझ्या बायकोकडून तर तिनं सगळं दोनदा ऐकून घेतलं. तेव्हा चालू असलेल्या मालिकेतला खून एका गुपितासाठी झाला होता. घरातला थोरला मुलगा त्या घरचा नव्हता आणि ते कोणाला तरी लपवायचं होतं. शेवटून दुसऱ्या भागात काकूंचे हात थांबले. पण त्यांची नजर टीव्हीवर नव्हती, मनीषाकडे होती.

पुढच्या रविवारी संगीत वाजलं. मनीषा हसून म्हणाली, "जा आई, तुझे कपडे वाळले." काकू उठल्या नाहीत. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मी निघू लागलो, तर म्हणाल्या, "बसा. तुमी परके न्हाई."

"मनू, परवा डॉक्टरीनबाईंनी इचारलं, आईच्या बाळंतपनात काही तरास झालेला का. मी शेजारी बसलेली. तू माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई. 'नाही' म्हनून मोकळी झालीस."

मनीषानं तोंड मुक्या टीव्हीकडे वळवलं.

"गावच्या बायांना इचारतीस. मला कधी इचारलं न्हाईस."

"तुला खोटं बोलावं लागलं असतं," मनीषा म्हणाली.

काकूंनी सूप खाली ठेवलं. "कधीपास्नं?"

"आठवीत होते. मिरजगावला आजीच्या दहाव्याला बायका बोलत होत्या. त्यांना वाटलं, मला झोप लागलीय."

काकूंची धाकटी बहीण कमल मनीषाला जन्म देताना वारली होती. बापानं दुसरं लग्न केलं. काकूंना मूल नव्हतं. त्या तान्ह्या मुलीला घेऊन भिंगारला आल्या आणि आपलीच म्हणून वाढवली. इथे कोणालाही हे माहीत नव्हतं.

"कळलं तर तू जाशील, असं भ्या वाटायचं," काकू म्हणाल्या.

"आणि मला कळलंय हे तुला कळलं, तर तू झुरशील असं मला वाटायचं."

आयुष्यभर मी पोलिसांचे तपास पाहिले. एकाच घरात दोन माणसं एकच गुपित एकमेकींपासून राखतात आणि दोघींचा हेतूही एकच असतो, हे कुठल्याही तपासात सापडलं नव्हतं.

"कमलचं रगत थांबलं न्हाई," काकू म्हणाल्या. "उद्या डॉक्टरीनबाईंना समदं सांगायचं. मी सांगते." मग म्हणाल्या, "लई हसायची ती. तुझ्यावानीच." पडद्यावर खुनी सापडत होता. तो कोण, हे मला अजून माहीत नाही.

मनीषाचं बाळंतपण अवघड गेलं, पण डॉक्टरांनी रक्ताची सोय आधीच करून ठेवली होती. तिची मुलगी आता शाळेत जाते. काकू गेल्या वर्षी वारल्या. त्यांची आठवण निघाली की मला त्या रविवारनंतरची सकाळ दिसते. पेपर द्यायला मी त्यांच्याकडे गेलो होतो. काकू दवाखान्यात जायला नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसल्या होत्या. मनीषा ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. काकूंनी एक घोट घेतला.

"आलं लई झालंय."

"मग उद्या तू टाक," मनीषा म्हणाली.