कल्ला पाहणाऱ्या पारबतामावशी

पारबतामावशींनी पहिल्याच भेटीत मला मासोळी विकायला नकार दिला. करडीच्या बाजारात मी एक चकचकीत रोहू पिशवीत टाकणार, तोच त्यांनी तो हातातून काढून घेतला.

"काहून गा, कल्ला पाहिला का?"

मी भाव विचारला होता, कल्ला नाही. त्यांनी माशाच्या गालाची झाकणी उचलली आणि आतली लालबुंद झालर माझ्या नाकाशी धरली. "वरून सारंच चमकते. खरं काय ते कल्ल्यात रायते." मगच मासोळी तोलली. भंडाऱ्याच्या लॅबमध्ये दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालणारा मी, आणि पाहायचं कसं ते मला या बाईने शिकवावं! घरी पोचेपर्यंत मला हसू येत होतं.

पुढे मावशींना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठीचा मेणात बसवलेला ठोकळा मीच त्यांच्या हाती दिला आणि सांभाळून ठेवा म्हणून बजावलं. मावशींनी तो उलटापालटा करून पाहिला. "जनमभर तलावाचं खाल्लं. आता माहा तुकडा मासोळ्याइले देऊन टाकतो." थट्टाच असणार, म्हणून मीही हसलो.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी तोच ठोकळा मागवला. गाठीच्या जनुकांत एक ठरावीक खूण सापडली, तर आजार उलटायचा धोका कमी आणि केमोची गरज नाही. नाही सापडली, तर केमो. त्याने बोटं बधिर होऊ शकतात, हे कळल्यापासून मावशींचा एकच घोर होता, "मंग जाळं कोन इनन?"

मे महिन्याचं ऊन, मेणाचा ठोकळा आणि मावशींची ती थट्टा! मी फटफटी काढून तडक करडी गाठली.

"मावशी, तुकडा तलावात टाकला नाही ना?"

"येडा झाला का?" त्यांनी माठाखालची ओली रेती उकरली आणि प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळलेली डबी काढली. "कल्ला पाहल्याबिगर मी मासोळी फेकत नाही. हे तं माही गाठ हाये!"

मी तिथेच त्यांच्या पाया पडलो.

खूण सापडली. केमो टळली. "म्हंजे आता परत येनच नाही?" मावशींनी विचारलं. शक्यता कमी आहे, पण तपासण्या चुकवू नका, असं डॉक्टर म्हणाले. "हाव, जाळं टाकत राहाच लागते," म्हणाल्या, आणि एकही तपासणी चुकवली नाही.

अशी खूण कधीकधी जनुकातल्या आनुवंशिक दोषामुळे उमटते, म्हणून मग त्यांचं रक्त तपासलं, तर दोष घराण्यातूनच आलेला निघाला. लोक अशी बातमी दडवतात. मावशींनी चौथ्या दिवशी ऑटो भरून लॅबवर माणसं आणली: दोन मिशीवाले भाऊ, धाकटी बहीण आणि तळलेल्या मासोळीचा डबा. रक्त द्यायचं म्हणून सगळे सकाळपासून उपाशी ठेवलेले. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, असं मी सांगताच थोरल्याने डब्याला हात घातला.

"आंधी रक्त!" मावशींनी तो हात झटकला आणि माझ्याकडे वळल्या. "वरून सारे ताजे दिसतेत. याइचे कल्ले पाह्य!"

धाकट्या बहिणीत तोच दोष निघाला. तिच्या आतड्यात हरभऱ्याएवढा कोंब होता, तो गाठ होण्याआधीच दुर्बिणीतून काढला गेला.

दोघी बहिणी आज बाजारात शेजारी बसतात. मी भाव नंतर विचारतो.