मुळासकट केस मागणारी आक्का

आमच्या आक्कानं आजवर एकाही माणसाचा चेहरा पाहिलेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. तिला माणसाची कातडी दिसते, केस दिसतात, डोक्यावरचा भोवरा दिसतो. नाक, डोळे, हनुवटी वगैरे गोष्टी तिच्या लेखी मधली जागा भरून काढायला ठेवलेल्या असतात. आक्का म्हणजे माझी आतेबहीण. आत्याचं घर निपाणीजवळ, तंबाखूची शेती. त्या शेतातून उठून ही बाई शिकत शिकत बेळगावच्या एका प्रयोगशाळेत पोचली आणि कातडीच्या न् केसांच्या पेशींचा अभ्यास करू लागली. लग्न केलं नाही. त्यासाठी कुणाकडे तरी पाहावं लागतं, आणि पाहिलं तर ती काय पाहणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा मी तिला विचारलं, "आक्का, आमचे बँकेचे मॅनेजर आठवतात काय? घरी जेवायला आलते बघ." ती विचारात पडली. उंच, चष्मेवाले, हुबळीचे, जेवताना सारखे हसणारे, असं सगळं सांगून झालं, तरी काही उजेड पडेना. मग मी म्हणालो, "मागं टक्कल पडत चाललेलं." "व्हय व्हय!" आक्का खुलली. "डोक्यावर दोन भोवरे, एकमेकांच्या उलट फिरणारे! लई चांगला माणूस."

तिला कापलेला केस चालत नाही. कापलेला केस मेलेला असतो, जीव असतो तो मुळाशी, असं ती लहान मुलाला समजावावं तसं सांगते आणि मग मुळासकट केस मागते. मागते म्हणजे रीतसर. आधी समजावून सांगणार, कागदावर सही घेणार, मग चिमट्यानं उपटणार. लग्नकार्यात आक्का मांडवात शिरली की नातेवाइकांचे हात आपोआप डोक्यावर जात. जांबोटीचे आमचे मामा तर भर उन्हाळ्यात कानटोपी घालून अक्षता टाकायला उभे राहिले होते. "आक्के, माझे जे उरल्यात ते मोजके हाईत," ते कळवळून म्हणाले, "जवानीत मागितली असतीस तर मूठभर दिले असते." आक्काला त्यात विनोद दिसला नाही. "मामा, मला म्हातारेच पाहिजेत," ती म्हणाली.

पंक्तीत तिला दुसरा भात वाढलेला मी कधी पाहिला नाही. प्रयोगशाळेत ती प्लास्टिकच्या बशांमधून पेशी वाढवते. त्या पेशी लालसर पाण्यात राहतात आणि ते पाणी वेळच्या वेळी बदललं नाही तर मरतात. त्यामुळे दिवाळी असो, बारसं असो, कुणाचं दिवसकार्य असो, आक्का मध्येच घड्याळ बघून उठते. "खायला घालायचंय," एवढंच म्हणते आणि स्कूटर सुरू करते. आमच्या आईला पेशी म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण ही अडचण मात्र तिला चटकन कळली. "एवढी शिकली, पण म्हशीच्या धारंच्या वेळेला घर गाठायचं काय सुटलं न्हाय बाईचं," ती हळहळून म्हणायची.

लोकांना मात्र तिच्याकडून एकच गोष्ट हवी असायची. ती म्हणजे केस गळायचं थांबवणारं तेल. मी डॉक्टर आहे पण औषध देणाऱ्यांतली नाही, असं आक्का सांगे. ते ऐकून झाल्यावर लोक पुन्हा विचारत, मग नारळाचं लावू काय एरंडाचं? शेजारच्या एका गावात साहित्य संमेलन होतं. तिथं तिला विज्ञानावर बोलायला बोलावलं. आक्का केस पांढरे का होतात यावर बोलली, आणि फार छान बोलली. पण बोलण्याच्या भरात म्हणाली, "रंग लावला तरी केस मुळाशी खरं बोलतोच. आता हे अध्यक्षच बघा." साऱ्या मांडवानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी पुढचं सगळं सत्र रुमालानं कपाळ पुसत काढलं. बाहेर आल्यावर आक्का मला विचारते, "त्यांना ताप होता काय रं?"

अशी ही आक्का. तिचे किस्से सांगून आम्ही घरात पुष्कळ हसलो. मग आमच्या सुप्रियाच्या हातावर पांढरा डाग उठला.

सुप्रिया माझी एकुलती एक मुलगी. तिचं चिकोडीकडच्या एका मुलाशी ठरत आलं होतं, फक्त सुपारी फुटायची बाकी होती. आधी मनगटाच्या वर एक डाग आला, तो कोपराकडे सरकला. मग डाव्या भुवईचं टोक पांढरं झालं, केसांसकट. घरात कुणी त्याला नाव देईना. बायको 'ते' म्हणायची, मी 'ॲलर्जी' म्हणायचो. आमच्या गावात, बेळगुंदीत, सगळ्यांचे दरवाजे दिवसभर उघडे असतात, आमचा मात्र लागलेला असायचा. सुप्रिया ऐन मे महिन्यात लांब बाह्या घालून वावरू लागली.

शेवटी आक्काला बोलावलं. तिनं सुप्रियाला अंगणात उजेडात बसवलं, पिशवीतून भिंग काढलं आणि हातावरचा एकेक केस पाहिला. मग नेहमीच्या, म्हणजे गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोड हाय. कुणाला लागत न्हाय, जिवाला धोका न्हाय." बायकोनं पदर तोंडाला लावला. आक्कानं सुप्रियाच्या ताटलीतले उरलेले पोहे ओढून घेतले आणि खाता खाता पुढं सांगू लागली. "हातावरचे केस अजून काळे हाईत. म्हणजे मुळात रंगाच्या पेशी शिल्लक असणार. तिथनं त्या परत वर येऊ शकतात. भुवईचे केसच पांढरे झालेत, तिथं अवघड हाय. माझ्या ओळखीच्या कातडीच्या डॉक्टरीण हाईत, उद्यापासनं त्यांच्याकडं जायचं."

"पण जाईल ना सगळं? खात्री दे की गं," बायको म्हणाली.

"खात्री देणारे लई हाईत वहिनी. बोर्ड लावून बसल्यात. मी न्हाय देणार."

बायकोचं म्हणणं होतं, लग्न होईपर्यंत गप्प राहावं. सुप्रिया म्हणाली, लपवून मी लग्न करणार नाही. आक्काला तर यात वाद घालण्यासारखं काही आहे हेच कळेना. "मी येते चिकोडीला. नीट समजावून सांगितलं की माणसाला कळतं," ती म्हणाली. यावर तिचा मनापासून विश्वास होता.

ती लॅपटॉप घेऊन आली. मुलाच्या घरी पुढच्या सोप्यात बसून तिनं केसाच्या मुळाची मोठी केलेली चित्रं दाखवली, आधी मराठीत, मग कानडीत. मुलाचे वडील उसाचे शेतकरी. त्यांना ती म्हणाली, "ऊस तोडला तरी बुडखा जिवंत असला की त्यातनं परत खोडवा येतो का न्हाय? तसंच हे." वडिलांनी मान डोलावली. मलाही वाटलं, जमलं. मग मुलाच्या आईनं हळूच विचारलं, "पुढं पोराबाळांना येतंय काय हे?"

माझ्या बायकोनं आक्काच्या पायावर पाय ठेवलेला मला दिसला. आक्कानं पाय सरकवून घेतला आणि म्हणाली, "थोडी शक्यता असते. बहुतेकांना येत न्हाय. पण अजिबात न्हाय असं मला म्हणता येणार न्हाय."

"आयतु," मुलाची आई कानडीत म्हणाली, म्हणजे ठीक आहे, झालं. "कळवतो की." पुढच्या आठवड्यात मध्यस्थाचा फोन आला. मुलाला इतक्यात लग्न करायचं नव्हतं.

त्या रविवारी आक्का घरी आली आणि आत न येता पायरीवरच बसली. बायको तिच्याशी बोलत नव्हती. आक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "माझंच सांगायचं कुठंतरी चुकलं न्हाय? खोडव्याचं त्यांना पटलं होतं रं." तिला खरंच कळत नव्हतं, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच गल्लीच्या टोकापर्यंत गेला नाही. सुप्रिया बाहेर येऊन तिच्याशेजारी बसली. "आत्या, तू तिथं खोटं बोलली असतीस तर हातावरचे केस काळे हाईत म्हणालीस, ते मी खरं कसं मानलं असतं?" थोड्या वेळानं बायकोनंच दोघींना चहा आणून दिला.

सुप्रियाचे उपचार सुरू होते. मलम लावायचं आणि डॉक्टरीणबाईंच्या किरणांच्या यंत्रासमोर हात धरून उभं राहायचं. पावसाळा गेला, थंडी गेली, काही फरक दिसेना. एका सकाळी केस विंचरता विंचरता सुप्रियानं हाक मारली. हातावरच्या पांढऱ्या डागात, एकेका काळ्या केसाच्या बुडाशी, तिळापेक्षाही बारीक तपकिरी ठिपके दिसत होते. मी आक्काला फोन केला. ती अंगातला पांढरा कोटसुद्धा न काढता स्कूटरवरून बेळगुंदीला आली. भिंग लावलं आणि अंगणातच ओरडली, "आले गं! आले!" शेजारच्या काकू धावत आल्या, "कोण पाव्हणं आले?" म्हणून. बायकोनं त्यांना सरळ सांगितलं, "रंग आला." आणि शिरा करायला आत गेली.

पुढं ते ठिपके पसरत पसरत एकमेकांना मिळाले. हाताचा डाग जवळजवळ भरला. भुवई तशीच राहिली. सुप्रिया आता पुण्यात नोकरी करते, अर्ध्या बाह्यांचे कपडे घालते. भुवईला पेन्सिल लावायचंही तिनं सोडून दिलंय. आम्हांलाही ती भुवई आता दिसेनाशी झाली आहे.

आक्का पुढच्या वर्षी निवृत्त होईल. सुप्रिया सुट्टीला आली की ती अजूनही येते, तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवते आणि बराच वेळ त्या भुवईकडे बघत राहते. मागच्या खेपेला सुप्रिया हसून म्हणाली, "राहू दे आत्या. मला आवडते ती तशीच."

"तशी बरी दिसतीया," आक्का म्हणाली. पण तिनं हनुवटी सोडली नाही. "तिथल्या पेशी का गेल्या, ते मला अजून कळलं न्हाय गं."