पायरीवरच्या सारूबाई

ही हकिकत मी आजवर कोणाला सांगितली नाही. सांगायची वेळ आली की मी दुसरेच काहीतरी बोलत असे. चाळीस वर्षे चर्चचा पाळक म्हणून लोकांपुढे उभा राहिलो, पापकबुलीवर कितीतरी उपदेश केले. लोक रडले, माझा हात धरून गेले. स्वतःची ही एक गोष्ट मात्र दर वेळी गिळली. पत्नीलाही सांगितली नाही, आणि ती गेली. आता वयाची पंच्याऐंशी उलटली आहे. ज्यांना खरे काय ते कळायला हवे होते त्यांतले कोणी उरलेले नाही. तरी सारूबाई कशा होत्या हे कुठेतरी लिहून ठेवलेच पाहिजे.

साठीच्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत मी पाळक म्हणून रुजू झालो. गावाचे नाव लिहीत नाही. मी सत्तावीस वर्षांचा होतो, धर्मशास्त्राचे शिक्षण संपवून नुकताच आलेला. सारूबाई तिथल्या बायबलबाई होत्या. वाड्यावस्त्यांवर पायी जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगायचे, बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांची तयारी करून घ्यायची, हे त्यांचे काम. वय पन्नाशीच्या पुढे, विधवा, मूलबाळ नाही. चर्चच्या मागे एका खोलीत एकट्या राहत. वाचता जेमतेम येई, पण बायबलमधली चारही शुभवर्तमाने तोंडपाठ.

पहिल्याच प्रार्थनासभेत त्यांनी मला हसवले. त्या देवाला माणसांचे पत्ते सांगत. "परभू, वरच्या आळीला तुळसाबाई ऱ्हाती, तिच्या सुनंकडं बग. पिठाच्या गिरणीम्होरं न्हवं, मागं. दाराला निळा रंग हाय." सभा संपल्यावर मी थट्टेने विचारले, "सारूबाई, देवाला पत्ता लागतो का?"

"देवाला कशाला लागतोय, सायेब? मला लागतोय. पत्ता न्हाई सांगिटला तर मी नुसतं 'समद्यांचं भलं कर' म्हनून मोकळी हुईन. आन् समदे म्हंजी कुनीच न्हाई."

तारणाचा सिद्धांत मी शिकलो तो जाड पुस्तकांतून. त्या तो चुलीपुढे बसून सांगत. "लेक माहेराला आली की आई काय करती? दारातच भाकरतुकडा ववाळून टाकती, पायावर पानी घालती. सासरी कशी वागलीस, म्हून इच्यारत बसती का? आदी आत घेती. येशू तसा हाय बायांनो. आदी आत घेतोय, मग बोलतोय."

मंडळीचे ज्येष्ठ पंच होते हवालदारकाका. पलटणीतून निवृत्त झालेले, मिशांना पीळ, चर्चमध्येही ताठ बसणारे. त्यांना हे खपत नसे. "बाई, ओवाळणं-बिवाळणं आपल्यात नाही. पाळकसाहेब, ऑर्डर द्या यांना."

"हवालदार, तुमची आई तुमाला ववाळत न्हवती व्हय?"

"ती गोष्ट निराळी."

"मग तिचीच गोष्ट सांगतीया मी," असे म्हणून सारूबाई पदराआड हसत.

मेढ्याच्या बाजूला डोंगरात एक वाडी होती. एसटीतून उतरल्यावर दोन तास चढण. तिथे गंगू नावाच्या एका तरुण विधवेला सारूबाई दोन वर्षे शिकवत होत्या. गंगूला बाप्तिस्मा हवा होता. आमच्या रीतीप्रमाणे उमेदवाराची पंचांपुढे परीक्षा होई, आणि प्रश्न पाळक विचारी. मी विचारले, "ख्रिस्त देव की माणूस?"

"मानूसच की," गंगू म्हणाली. "त्याला भूक लागती, दोस्त मेला तर रडतोय."

"मग देव कसा?"

"आवं, त्याच दोस्ताला थडग्यातनं भाईर बलिवलं न्हवं का? त्ये काय मानसाचं काम हाय व्हय?"

एक पंच हसले. मला हवे होते ते दोन स्वभाव आणि एक व्यक्ती असे शब्द. मी पुढचा प्रश्न टाकला, "तुझे तारण कशाने होते?" पुस्तकातले उत्तर होते, कृपेने, विश्वासाच्या द्वारे. गंगूने थोडा विचार केला. "त्यानं वळखलं मला, म्हून. मी कुटं त्याला वळखत हुते? सारूबाय सांगाया लागली तवा कळलं, ह्यो तर आदीपास्नं वळखतोय."

आज वाटते, याहून नेमके उत्तर मला जन्मात कोणी दिले नाही. त्या दिवशी मी कागदावर लिहिले, 'तयारी अपूर्ण', आणि बाप्तिस्मा पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, पुढे ढकलला. बाहेर आल्यावर सारूबाई म्हणाल्या, "सायेब, तिला खोकल्यातनं रगत पडतंय. सनापतुर लय दिस हायत."

"नियम आहे, सारूबाई."

"व्हय. नियम हायच," त्या म्हणाल्या आणि गंगूला एसटीपर्यंत पोचवायला गेल्या.

त्यानंतर महिनाभराने, एका मंगळवारी दुपारी, गंगूचा भाऊ नामा माझ्या दारात उभा राहिला. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. "सारूबाईनं धाडलंय. गंगूचं काय खरं न्हाई. सायेबास्नी संगं घिऊनच ये म्हनाल्या. बाप्तिस्म्याचं पानी द्यायचं हाय तिला, तुमच्या हातनं."

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून माझ्या लग्नाच्या बोलणीसाठी पाहुणे येणार होते. स्थळ शिकलेले होते. मी मनात गणित केले: आज गेलो तर मुक्काम पडेल, उद्या दुपारपर्यंत परतणे होणार नाही. कोणी अगदी आज मरत नसते, असेही मनाला सांगितले. नामाला म्हणालो, "तू हो पुढे. मी परवा सकाळी येतो." त्याने पाणीही घेतले नाही. "बरं," म्हणाला आणि गेला.

बुधवारी पाहुणे आले. जेवण झाले, सोयरीक ठरली. गुरुवारी सकाळी मी निघालो, तर चढणीच्या पायथ्याशी सारूबाई उतरत येताना भेटल्या. दोन रात्रींचे जागरण डोळ्यांत दिसत होते. त्या थांबल्या.

"गंगू गेली, सायेब. काल दिस मावळायला. सारकी दाराकडं बगत हुती. मग मीच तांब्यातलं पानी घेतलं. बापाच्या, पुत्राच्या आन् पवित्र आत्म्याच्या नावानं दिला बाप्तिस्मा. तुमचं काम मी केलं. तिचं नाव तेवडं बाप्तिस्म्याच्या वहीत लिवा."

मी काय बोललो आठवत नाही. का आला नाहीत, असे त्यांनी विचारले नाही एवढे पक्के आठवते.

बातमी पंचांपर्यंत गेली. रविवारी उपासनेनंतर चौकशी बसली. बाप्तिस्मा द्यायचा अधिकार दीक्षा मिळालेल्या पाळकाचा. पण आमच्या नियमांत एक सवड होती. उमेदवार मरणाच्या दारी असेल आणि बोलावूनही पाळक पोचला नसेल, तर मंडळीतला कोणीही विश्वासू माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. म्हणजे सगळे एका प्रश्नावर येऊन थांबले होते, आणि तो हवालदारकाकांनी विचारला.

"बाई, पाळकसाहेबांना निरोप धाडला होता का?"

"धाडला हुता. नामाला."

"पाळकसाहेब, आला होता नामा?"

खोलीत सात माणसे होती. हो म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता, मग गेला का नाहीत? उत्तर होते, पाहुणे यायचे होते. मी म्हणालो, "माझ्याकडे कोणी आले नाही."

सारूबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते. तापाने फणफणलेल्या माणसाकडे बघावे तसे त्या बघत होत्या. नामा मंडळीचा सभासद नव्हता. त्याला बोलावून विचारावे हे कोणाला सुचले नाही, आणि मी सुचवले नाही. हवालदारकाका म्हणाले, "बोला बाई. साहेब तर नाही म्हणतात."

"मग माजं काय म्हननं न्हाई."

"पाळकाची वाट न बघता दिलात?"

"तिचा जीव वाट बगत न्हवता, हवालदार."

निर्णय झाला. गंगूचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही. तिचे नाव वहीत लागणार नाही. सारूबाईंचे बायबलबाईचे काम बंद, आणि प्रभुभोजनाला बंदी. मंडळीसमोर उभे राहून 'मी चुकले' म्हणतील तेव्हा बंदी उठेल. पंचांच्या कागदावर 'पाळकास कळविले नव्हते' हे वाक्य माझ्याच अक्षरात आहे.

लोकांना वाटले, महिनाभरात त्या चूक कबूल करतील. सारूबाई मला एकट्याला म्हणाल्या, "सायेब, माजं ऱ्हाऊ द्या. पन मी चुकले म्हनलं तर गंगूचं पानी खोटं ठरतं. माज्या जिभेनं मी त्ये पुसनार न्हाई."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, तेच घडे. उपदेश संपे, मेजावरचे पांढरे वस्त्र मी बाजूला करी, आणि सारूबाई कोणी सांगायच्या आत उठून बाहेर जात. दाराबाहेरच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसत. आत भाकर आणि प्याला फिरे. शेवटचे गीत सुरू झाले की त्या परत येऊन बायकांच्या चटईच्या टोकाला बसत आणि सगळ्यांबरोबर गात. बायका हळूहळू त्यांच्याकडे जायच्या बंद झाल्या. पाणवठ्यावर कोणी म्हणे, "पाद्रीनबाई आल्या बगा, सरा." त्या हसत आणि घागर भरून निघत. ज्या बाईने उभ्या तालुक्यातली दारे ठोठावली, तिचे दार वाजवणारे कोणी राहिले नाही.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मी वधस्तंभावर बोललो. निर्दोषाने दोषी माणसाचा दोष आपल्या अंगावर घेतला आणि तोंड उघडले नाही. हा धडा मी परीक्षेत पहिल्या वर्गात लिहिला होता. तोच धडा समोर चटईच्या टोकाला बसला होता, आणि मला तिकडे पाहवत नव्हते. बाहेर पडताना सारूबाई म्हणाल्या, "आज लय चांगलं सांगिटलं, सायेब." त्यांना टोमणा मारता येत नसे. त्या तसे मनापासून म्हणाल्या होत्या.

एकदा, एकदाच, भोजनाच्या वेळी मी मेज सोडून दारापर्यंत गेलो. आता सांगायचेच, असे ठरवून. त्यांनी मागे वळून पाहिले. "आत जा, सायेब. लोकं थांबल्यात. भाकर वाळंल." मी आत गेलो.

पुढच्या वर्षी त्या सांगलीला भाचीकडे निघाल्या. दुसऱ्या मंडळीत जायचे तर पाळकाच्या सहीचा दाखला लागतो, आणि त्यात 'शिस्तीखाली आहे' असे लिहावे लागले असते. त्यांनी दाखला मागितलाच नाही. सांगलीत त्या एका दवाखान्यात आया म्हणून राहिल्या. दाखला नाही म्हणून तिथेही प्रभुभोजन नाही. तिथल्या चर्चलाही पायऱ्या होत्या, असे भाचीने मला नंतर सांगितले.

त्या दशकाच्या अखेरीस कळले की त्या आजारी आहेत. मी प्रभुभोजनाची लहान पेटी घेऊन सांगलीला गेलो. खाट भिंतीला लावलेली होती आणि त्या अगदी वाळल्या होत्या. मला पाहून उठायला लागल्या. "या सायेब. बाईसाब बऱ्या हायत? लेकरं?" मी सगळ्यांचे सांगितले. त्यांची नजर पेटीवर गेली.

"मंडळीचा कागद आनलाय का?"

"नाही. पण मी पाळक आहे, मी देऊ शकतो."

"नगं. मंडळीला न इच्यारता खाल्लं तर ती चोरी हुती. इतकी वरसं ऱ्हायले, ऱ्हाईन की." थोड्या वेळाने त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "सायेब, काय सांगायचं हुतं का?"

बोलायचे दार त्यांनीच उघडून दिले होते. भाची चहा करत होती, स्टोव्हचा आवाज येत होता. मी म्हणालो, "नाही. सहज आलो होतो."

"बरं झालं आलासा," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

चार महिन्यांनी भाचीचे कार्ड आले. मी अंत्यविधीला पोचलो नाही.

गेल्या आठवड्यात त्या जुन्या मंडळीच्या पंचांना मी सारे लिहून कळवले आहे. गंगूचे नाव वहीत लावा, तिचा बाप्तिस्मा नियमाप्रमाणे होता, असे सही करून लिहिले आहे. उत्तर येईल तेव्हा येईल. पण एक वाक्य पंचांसाठी नव्हते. ते सांगलीच्या त्या खोलीत म्हणायचे होते, आणि ते एवढेच होते:

सारूबाई, नामा आला होता. मी आलो नाही, आणि मग खोटे बोललो. मला क्षमा करा.