हलीमाखालाचा अकरा सालचा रुपया

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आमच्या नाणीवाल्या मित्रांना तर मुळीच नाही. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी पाठ थोपटली असती, आणि तेच मला नको होतं. की हवं होतं? बघा, सुरुवातच अशी होतेय.

आधी माझी फुशारकी ऐकून घ्या. धाटावच्या कंपनीत तिन्ही शिफ्ट करून मी इंग्रजांच्या चांदीच्या रुपयांचा जो संग्रह केलाय ना, तसा रोह्यात दुसऱ्या कुणाकडे नाही. पेणलाही नाही! राणीछाप सगळे. बिनमुकुटाचा एडवर्ड, ज्याला आपल्याकडे बोडका राजा म्हणतात, तोही सगळा. लोक लक्ष्मीपूजनाला हे रुपये चिंच आणि राखेने घासघासून राजाचं नाक घालवतात. मी दारोदार फिरून, हातापाया पडून न घासलेले शोधले. अल्बमात पाचव्या जॉर्जच्या पानावर एकच खिडकी रिकामी होती — एकोणीसशे अकराची.

त्या रुपयावर राजाच्या झग्यावर, छातीशी, बारीकसा हत्ती आहे. कोरणाऱ्याने त्याची सोंड इतकी आखूड केली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, सरकारने ते रुपये मागे घेऊन वितळवले, पुढच्या साली सोंड नीट काढली. म्हणून अकराचा चांगला रुपया मिळणं मुश्कील. आम्ही आपसात त्याला डुक्कर रुपयाच म्हणतो. पण आहे तो हत्ती. भिंगातून कान दिसतो, सोंड दिसते. मला हे माहीत होतं — चांगलं माहीत होतं.

आणि हा रुपया निघाला कुठे? आमच्या शेजारी! हलीमाखालाकडे. माझ्या आईची मैत्रीण, ईदला शिरखुर्म्याचं पातेलं आधी आमच्याकडे पाठवणारी. तिच्या निकाहात तिच्या नवऱ्याने, मुसाचाचांनी, मेहेर म्हणून चांदीचे रुपये दिले होते. बाकीचे अडीअडचणीत गेले. चाचाही गेले. हा एक तिने कापडी पिशवीत, तसबीहच्या माळेसोबत, उशाशी ठेवला होता. मी गावभर विचारत फिरतो म्हणून तिनेच कौतुकाने काढून दाखवला. काय सांगू तुम्हाला! राजाच्या दाढीचा केस न् केस शाबूत.

मी किंमत विचारली. ती हसली. हा विकायचा नाय रे, म्हणाली. चार महिने मी मागे लागलो. नाय म्हणजे नाय.

मग एका दुपारी मी भिंग घेऊन गेलो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू — भिंगातून तिला काय दिसणार होतं? चार पाय आणि आखूड तोंड, एवढंच. मी म्हणालो, खाला, राजाच्या छातीवर डुक्कर आहे.

तिने मला विचारलं, "तुज्या आईची शपथ?"

मी शपथ घेतली. आई तेव्हा पलीकडे आमच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती.

खालाच्या हातातून रुपया पडला. ती मोरीपाशी गेली आणि कोपरापर्यंत हात धूत राहिली. किती वेळ धूत होती! मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढी वर्सं उशाला ठेवला मी. घेऊन जा. कुंडलिकेत टाक. कुणाला सांगू नको, बाबा."

मी नदीच्या पुलापर्यंत गेलोसुद्धा. खिशातल्या खिशात मूठ आवळलेली. आणि खरं सांगू? मला नाचावंसं वाटत होतं. एक पै न देता! पूल तसाच ओलांडला, पलीकडे चहा प्यायलो आणि घरी येऊन खिडकी भरली.

त्या वर्षी पेणच्या प्रदर्शनात काय गर्दी होती माझ्या टेबलाशी! मुंबईचा एक मुरलेला व्यापारी भिंग लावून वाकला तो वाकूनच राहिला. कुठं मिळाला, म्हणाला. मी म्हटलं, नशीब. पहिलं बक्षीस, गळ्यात हार. रोह्याला येऊन पेढे वाटले. खालालाही दिले. तिने डोक्यावर हात ठेवला. कशाचे पेढे, ते मी तिला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी तिचा मुलगा शरीफ कुवेतहून आला, मुलीच्या लग्नाला. लेकीला आजोबांचा रुपया द्यायचा होता त्याला. सगळ्यांसमोर खाला म्हणाली, हरवला. कधी आवाज न चढवणारा शरीफ ओरडला, "बापाची एक वस्तू व्हती, ती पण तुला जपता आली नाय?" मी तिथेच बसलो होतो, हातात चहा. खालाने एकदाच माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती हो त्या नजरेत — तू बोलू नकोस, एवढंच होतं. पोराला बापाच्या रुपयाची किळस येऊ नये म्हणून ती स्वतः शिव्या खात होती. आणि मी काय केलं? उठून घरी जायचं, रुपया आणायचा, खरं सांगायचं — चाळीस पावलांचं काम. माझ्या मनात आलं, अल्बमातली ओळ तुटेल. दुसरं काहीच आलं नाही. मी चहा संपवला.

शरीफ तिच्याशी धड न बोलता परत गेला. खाला अंथरुणाला खिळली तेव्हा मी भेटायला जात असे. एकदा तिने हळूच विचारलं, आता समुद्रात गेला असंल ना रे तो? मी म्हणालो, कधीच गेला, खाला. तिने सुटकेचा श्वास सोडला. चार दिवसांनी ती गेली. उशाशी डुक्कर ठेवलं, असंच समजून गेली.

गेल्या महिन्यात पेणला मला पुन्हा पहिला नंबर मिळाला. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला त्या टाळ्या आवडल्या.